किल्ली घेण्याआधी



दसरा तीन आठवड्यांवर आला आहे. या दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला होता. दसऱ्याला कलश ठेवून घ्या म्हणतात. किल्ली देतायत. घ्यायची ना?" विचारणारीच्या आवाजातच कळतं, की तिला 'हो' ऐकायचं आहे. त्यात तिचं काय चुकलं? तीन-तीन वर्षं कर्जाचा हप्ताही भरायचा आणि भाड्याच्या घराचं भाडंही. एवढं सोसल्यावर किल्ली समोर आली, तर कोण नको म्हणेल?

तरी आम्ही उलटा प्रश्न विचारतो. भोगवटा पत्र आलं का?

बहुतेक वेळा फोनवर थोडी शांतता पसरते. मग, "ते येईलच म्हणतात महिन्याभरात."

आजचं बोलणं या शांततेबद्दल आहे. आम्ही म्हणजे पाचजणी. एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक आपल्या सोसायटीची सेक्रेटरी, आणि दोघी नुसत्याच चिकित्सक. घराचा ताबा घ्यायला निघालेल्या बायकांबरोबर आम्ही जातो, कागद वाचतो, नळ सोडून बघतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. घर आपलं झालं, असं नक्की कोणत्या दिवशी म्हणायचं? आमच्यातल्या एकीची भाची अमेरिकेत असते. ती सांगते, तिथे सह्या, पैसे आणि किल्ली हे सगळं साधारण एकाच वेळी उरकतं. मधल्या तिऱ्हाइताकडे पैसे आणि कागद जमा असतात. सगळं जुळलं की व्यवहार मिटतो. त्याला ते लोक क्लोजिंग म्हणतात. आपल्याकडे नव्या इमारतीत घर घेतलं, तर हा एक दिवस नसतोच. तो तुकड्या-तुकड्यांनी येतो, आणि मधे वर्षं जातात. आधी करारनामा होतो, तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जातो. मग बांधकाम चालतं, तसे हप्ते जातात. मग महापालिका किंवा नगरपरिषद, जी कोणी बांधकामाला परवानगी देणारी संस्था असेल ती, भोगवटा पत्र देते. मग ताबा. मग सोसायटी. आणि सगळ्यात शेवटी, कधीकधी फार फार शेवटी, जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते.

यातला प्रत्येक कागद वेगळं काहीतरी देतो, आणि एक मिळाला म्हणून दुसरा मिळाला असं होत नाही. नोंदवलेल्या करारनाम्याने त्या घरावर तुमचा हक्क लागतो. भोगवटा पत्र सांगतं, की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि तिथे माणसांनी राहायला हरकत नाही. किल्लीने फक्त दार उघडतं.

दसऱ्याच्या फोनवर बहुतेकदा या शेवटच्या गोष्टीबद्दलच बोलणं चाललेलं असतं. त्याला कुणी 'फर्निचरसाठी ताबा' म्हणतं, कुणी 'फिट-आउट'. शब्द गोड आहेत. "तुम्ही नुसतं सुताराला आत सोडा, ओटा करून घ्या, राहायला नंतर या." आणि त्याबरोबर एका कागदावर सही घेतात, की घराचा ताबा मिळाला, काही तक्रार नाही. उरलेले पैसेही त्याच दिवशी मागतात.

कायदा याबद्दल काय म्हणतो? महाराष्ट्रात १९६३ पासून एक कायदा आहे, लोक त्याला मोफा म्हणतात. त्यात बिल्डरला सांगितलंय, की बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत कुणाला ताबा देऊ नकोस. आणि पुढे कंसात हेही लिहिलंय, की तो दाखला मिळाल्याशिवाय कुणी ताबा घेऊही नये. हा दुसरा भाग ऐकून बायका चकित होतात. देणाऱ्यालाच नाही, घेणाऱ्यालाही सांगितलेलं आहे. नंतर रेराचा कायदा आला. तो आपल्याकडे मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यात भोगवटा पत्र मिळवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, आणि ते मिळाल्यावर दोन महिन्यांच्या आत घेणाऱ्याने ताबा घ्यावा असं म्हटलंय. क्रम बघा. आधी पत्र, मग ताबा.

"पण सगळे तर राहायला गेलेत," असं कुणीतरी म्हणतंच. खरं आहे, जातात. काय होतं त्यांचं?

मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला. तिथल्या लोकांना १९९७ साली घरांचा ताबा मिळाला. भोगवटा पत्र मात्र नव्हतं. ते नाही म्हणून पाण्याची आणि विजेची रीतसर जोडणी मिळेना. सोसायटीने खटपट करून तात्पुरती मिळवली. पण मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागली. १९९८ मध्ये त्यांनी पहिली तक्रार केली. २०१४ मध्ये बिल्डरला आदेश झाला की पत्र मिळवून द्या. तरी मिळालं नाही. मग जास्तीच्या भरलेल्या पैशांसाठी पुन्हा तक्रार, तिथे 'उशीर झाला' म्हणून नकार, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. न्यायालयाने सांगितलं, की भोगवटा पत्र मिळवून न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ते मिळेपर्यंत चूक रोज चालूच राहते, म्हणून उशिराचं कारण सांगून तक्रार फेटाळता येत नाही. लोक जिंकले. पण हिशेब करा. १९९७ ते २०२२. ज्यांची मुलं तेव्हा बालवाडीत होती, त्यांची लग्नं होऊन गेली असतील.

वरळीचं कॅम्पा कोला तुम्हाला आठवत असेल. टीव्हीवर कित्येक दिवस दिसत होतं. तिथे परवानगीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले होते. लोकांनी घरं ऐंशीच्या दशकात घेतली. २०१३ मध्ये ते मजले बेकायदा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं, आणि २०१४ च्या जूनमध्ये त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडायला पालिकेची माणसं आली. तीस-तीस वर्षं राहिलेल्या बाया दारात उभ्या होत्या. प्रत्येक भोगवटा नसलेल्या इमारतीचं असं होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुतेकांचं काही वर्षं टँकरच्या पैशांवर निभावतं. पण पत्र का अडलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि ऑफिसातली मुलगी ते सांगत नाही. एखादा अग्निशमनचा दाखला राहिला असेल, किंवा दोन मजले जास्त चढवले असतील. दोन्ही वेळा ती "महिन्याभरात येईल" एवढंच म्हणते. तिलाही तेवढंच सांगितलेलं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं. भोगवटा पत्राशिवाय ताबा देऊ नये, आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही तो दाखला बघूनच द्याव्यात, असे निर्देश दिले. तेव्हा यापुढे 'राहायला जाऊ, नंतर बघू' हे जास्तच अडचणीचं होणार आहे.

मग पत्र आलंय का, हे बघायचं कसं? ऑफिसात जाऊन प्रत मागा. फोटो नको, प्रत. तिच्यावर क्रमांक असतो, तारीख असते, कोणत्या इमारतीला, कोणत्या विंगला, कितव्या मजल्यापर्यंत, हे लिहिलेलं असतं. हे नीट वाचा. कारण पुष्कळदा पत्र अंशतः मिळालेलं असतं. ए विंगला मिळालंय, बी विंगला नाही. सातव्या मजल्यापर्यंत मिळालंय आणि तुमचं घर नवव्यावर. आम्ही एकदा असा कागद बघितला, की ज्यावर सगळं ठीक होतं, फक्त ते शेजारच्या इमारतीचं होतं. प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून कागद बघता येतात. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. छोट्या गावात, छोट्या इमारतीत मात्र हे मिळेलच असं नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. तिथे थेट नगरपरिषदेत किंवा परवानगी देणाऱ्या कार्यालयात जाऊनच विचारावं लागतं.

पत्र नसेल तर काय करायचं? किल्ली घ्यायची नाही, एवढंच म्हणून आम्ही थांबत नाही, कारण भाडं तर भरावं लागतंच. करारनाम्यात ताब्याची तारीख लिहिलेली असते. ती उलटून गेली असेल, तर रेराच्या कलम १८ प्रमाणे दोन वाटा आहेत. घर नको म्हणून पैसे व्याजासह परत मागायचे, किंवा घर हवंच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागायचं. हे व्याज स्टेट बँकेच्या ठरावीक कर्जदरावर आणखी २ टक्के असं धरतात. म्हणजे तुमच्या घरकर्जाच्या व्याजापेक्षा साधारण थोडं जास्तच. यासाठी लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या. महारेराकडे तक्रार घरबसल्या करता येते. आधी समझोत्याने मिटवायचं असेल तर त्यांचा सलोखा मंच आहे, तिथे ग्राहकांच्या बाजूने आणि बिल्डरांच्या बाजूने माणसं बसतात. सगळ्यांचं मिटतं असं नाही. पण तिथे बोलावणं आलं की ऑफिसातला आवाज बदलतो, हे आम्ही पाहिलंय.

आणि हो, कलश ठेवायचाच असेल तर ठेवा ना! मुहूर्तावर जाऊन पूजा करा, पेढे वाटा, फोटो काढा. आम्ही काही सणाच्या विरुद्ध नाही. फक्त त्या दिवशी सही करू नका आणि शेवटचा हप्ता देऊ नका. पूजा झाली की किल्ली परत. ऑफिसवाले तोंड वाकडं करतील, करू देत.

शेवटच्या हप्त्याबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात रेराच्या नियमांबरोबर करारनाम्याचा एक नमुना दिलेला आहे. त्यात बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे कसे द्यायचे ते ठरलेलं आहे. लिफ्ट, पंप, वीज वगैरे कामं होईपर्यंत ९५ टक्क्यांपेक्षा जास्त मागायचे नाहीत. उरलेले ५ टक्के भोगवटा पत्र मिळाल्यावर, ताबा देताना. ४० लाखांच्या घराला हे २ लाख होतात. हे २ लाख तुमच्या हातात असतात तोवर तुमच्या फोनला उत्तर मिळतं. कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवा, की शेवटचा हप्ता भोगवटा पत्राची प्रत बघितल्याशिवाय सोडू नका. कित्येकदा बिल्डर थेट बँकेला मागणीपत्र पाठवतो आणि पैसे परस्पर जातात.

त्या मागणीपत्रातही किती गोष्टी असतात! देखभालीचे दोन वर्षांचे आगाऊ पैसे, सोसायटी नोंदणीचे, वकिलाचे, मीटरचे, क्लब हाऊसचे. प्रत्येक ओळ करारनाम्यात आहे का, ते बोट ठेवून बघा. नसेल तर कशाचे म्हणून विचारा. उघड्यावरच्या पार्किंगचे पैसे मागितले असतील तर ते देऊ नका. उघडी जागा सगळ्यांची सामाईक असते, ती विकता येत नाही. आणि क्षेत्रफळ. करारात चटई क्षेत्र लिहिलेलं असतं, म्हणजे भिंतीच्या आतलं वापरायचं क्षेत्र. बाल्कनी त्यात धरत नाहीत. नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतलाय. त्याहून कमी भरलं तर तेवढे पैसे परत मागता येतात. म्हणून टेप घेऊन जा.

आता प्रत्यक्ष घर बघायला जाऊ. हा आमचा आवडीचा भाग. इथे मात्र आम्हाला एक गंमत नेहमी दिसते. पुरुष मंडळी इंजिनिअरबरोबर गॅलरीत उभी राहून समोरच्या रस्त्याचं पुढे काय होणार यावर चर्चा करतात. बाई सरळ मोरीत जाते.

बरोबर न्यायचं सामान साधं आहे. टेप, एक बादली, मोबाइलचा चार्जर, एक नाणं, खडू, वही आणि एखादी गोटी. सकाळी जा, उजेडात. संध्याकाळी सातला बोलावलं तर नाही म्हणा.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि थांबा. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे. दाराकडे आलं, किंवा कोपऱ्यात साचलं, तर उतार चुकलाय. हे नंतर सुधारायचं म्हणजे सगळी फरशी फोडायची. आत्ताच सांगा. बाल्कनीतही तेच. गॅलरीचं पाणी हॉलमध्ये येणाऱ्या घरात पावसाळा काय असतो, ते विचारू नका. खोल्यांमध्ये फरशीवर गोटी सोडून बघा, जोरात पळत सुटली तर जमीन समपातळीत नाही. नाण्याने फरशा वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली सिमेंट नीट बसलेलं नाही, त्या फरशीवर खडूने फुली मारा. सगळे नळ सोडा. एकेक नाही, एकदम. वरच्या मजल्यावर धार कशी येते ते कळतं. फ्लश दोनदा दाबा. सिंकखाली हात घालून ओल लागते का बघा. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. दारं पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. खिडकीची कडी आतून लागते का? सुरक्षा जाळीचं भोक करारात आहे तसं आहे का? स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहा, आपल्या उंचीला बरा पडतो का बघा, सिलिंडर कुठे राहील, मिक्सरचं बटण कुठे आहे. हे कुठल्याही नकाशात नसतं आणि पुढची तीस वर्षं रोज आपल्याच पाठीला कळतं.

छताचे कोपरे आणि बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजू यांच्याकडे जास्त वेळ बघा. नुकताच रंग मारलेला असतो, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. शक्य असेल तर भर पावसात एक चक्कर मारा. दसऱ्याचा ताबा असेल तर श्रावणात जाऊन या. बिल्डरच्या माणसाला आवडणार नाही, पण पाऊस कुणाच्या सांगण्याने थांबत नाही.

जे सापडेल ते सगळं वहीत लिहा, खोलीवार. दोन प्रती करा. एका प्रतीवर बिल्डरच्या इंजिनिअरची सही आणि तारीख घ्या, दुरुस्ती कधी होणार ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. आणि मग ताबापत्र. त्यावर छापील वाक्य असतं, "घर पाहून समाधान झाले, कोणतीही तक्रार नाही." या वाक्याखाली कोरी सही करू नका. शेजारी हाताने लिहा, "सोबतच्या यादीतील दुरुस्त्या बाकी आहेत," आणि मग सही. लिहू देत नसतील तर तोच मजकूर त्या दिवशी ईमेलने पाठवा. एक दिलासाही आहे. ताबा घेतल्यावर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला किंवा कारागिरीचा दोष निघाला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरने तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. रेरातच हे आहे. तेव्हा पहिल्या पावसात भिंत ओली झाली, तर गप्प बसून आपल्या पैशाने रंग काढू नका.

जुनं घर घेत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे भोगवटा पत्र सहसा जुनं असतं, तरी विचाराच. पण काळजी दुसरीकडे घ्यावी लागते. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. तुमच्या पैशातून आधी ते कर्ज फिटतं, मग कागद मोकळे होतात. म्हणून त्या बँकेकडून बाकी किती आणि कोणते कागद जमा आहेत, याचं पत्र आधी घ्या. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला, भागपत्र, शेवटचं वीजबिल, मालमत्ता कराची पावती. महापालिका हद्दीत सोसायटी घर नावावर करायला २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही, 'देणगी' म्हणून मागितलं तरीही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का कर कापून सरकारात भरायची जबाबदारी तुमची, विकणाऱ्याची नाही. हे विसरलं की नोटीस तुम्हालाच येते. घरात भाडेकरू असेल तर तो बाहेर पडलेला आणि घर रिकामं झालेलं डोळ्यांनी पाहूनच शेवटचा धनादेश द्या. किल्ली, मूळ कागद आणि शेवटचे पैसे, तीनही एकाच टेबलावर, एकाच बैठकीत. आणि कुणी म्हणालं, की नोंदणी कशाला, मुखत्यारपत्रावर करून टाकू, खर्च वाचेल, तर उठून या. मुखत्यारपत्राने घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय.

वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का ते बघावं लागतं. इथे बहिणींची हक्कसोडपत्रं निघतात. ती नोंदवलेली आहेत का, हे घेणारीने तपासावंच. पण ऐकणाऱ्यांमध्ये त्या बहिणीही असतील. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी "इथे एक सही कर गं ताई" म्हणून जो कागद पुढे येतो, तो वाचायला मागा. सोडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काय सोडतोय ते कळू द्या.

आता जे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे शेवटी ठेवलं, कारण याला थोडा वेळ हवा होता.

आमच्याकडे कागद घेऊन आलेल्या कितीतरी जणींचं असं असतं. पगार दोघांचा, कर्ज दोघांच्या नावावर. बँकेच्या कागदांवर तिच्या वीस-पंचवीस सह्या. आणि करारनामा उघडला की खरेदीदार म्हणून एकच नाव, नवऱ्याचं. कधी नवरा आणि सासरे. तिला हे माहीतच नसतं. ती म्हणते, "मी पण सही केलीय की!" केलीय, पण कर्जाच्या कागदावर. म्हणजे हप्ता थकला तर बँक तिच्या दारात येणार, आणि घर विकलं तर तिला कुणी विचारणार नाही. सहकर्जदार वेगळी आणि सहमालक वेगळी. सोसायटीच्या अर्जावर नॉमिनी म्हणून नाव घातलं, म्हणून समाधान मानणाऱ्याही भेटतात. नॉमिनी म्हणजेही मालक नव्हे.

हे वाईट हेतूनेच होतं असं आम्हाला वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी एजंट विचारतो, "साहेब, नाव काय टाकू?" आणि साहेब आपलं नाव सांगतात. बाई शेजारी बसलेली असते. तिला विचारायचं सुचत नाही, आणि तिला बोलायचं सुचत नाही. म्हणून मसुदा छापायला जायच्या आधी मागा आणि पहिलं पान वाचा. भांडायचं नसेल तर पैशाची भाषा वापरा, ती घरात लवकर समजते. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बाईच्या नावावर, किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुण्यात ७ टक्क्यांऐवजी ६, मुंबईत ६ ऐवजी ५. ४० लाखांच्या घराला ४०,००० रुपये वाचतात. यात नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. दोघांची नावं हवी असतील तर सवलत सोडावी लागेल, आणि आमच्या मते तीही काही वाईट निवड नाही. फक्त त्याचं एकट्याचं नाव, ही मात्र निवड नसते, बहुतेकदा ती राहून गेलेली गोष्ट असते.

ताबापत्र, वीजमीटर, मालमत्ता कर, सोसायटीचं भागपत्र, या सगळ्यांवर करारनाम्यातली नावं जशीच्या तशी, त्याच क्रमाने आली पाहिजेत. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं झालं तर पुढे फार हेलपाटे होतात. आधार, पॅन आणि करारनामा, तिन्हींवरचं स्पेलिंगसुद्धा जुळवून घ्या. नोंदणी झाली की सूची क्रमांक दोनचा उतारा काढा. त्यावर घराचं वर्णन, किंमत आणि दोन्ही बाजूंची नावं असतात. एका पानाचा कागद आहे, त्याची झेरॉक्स काढून आपल्या माहेरच्या ट्रंकेत ठेवा, म्हणून आमच्या सेक्रेटरीबाई सगळ्यांना सांगतात. हसतो आम्ही, पण ठेवतो.

आणि ताबा मिळाला, राहायला गेलात, म्हणजे व्यवहार संपला असं नाही. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते. ती सोसायटीच्या नावावर व्हायला हवी, त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. वीस-वीस वर्षांच्या सोसायट्यांनी हे केलेलं नसतं, आणि इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की मग सगळे कागद शोधत धावतात. पहिल्याच सभेत हा विषय काढायला हवा. पण पहिल्या सभेत काय होतं, पाण्याचा टँकर, वॉचमनचा पगार आणि गणपतीची वर्गणी यातच रात्रीचे अकरा कसे वाजतात, आणि त्या सभेत बायका मागच्या रांगेतच का बसतात, हे पुढच्या मंगळवारी बोलू. तोवर ज्यांचा दसऱ्याचा ताबा ठरलाय, त्यांनी करारनामा आणि मागणीपत्राची झेरॉक्स घेऊन शनिवारी दुपारी केंद्रावर यावं. आम्ही दोघी-तिघी तरी असतोच. बादली तुमची तुम्ही आणा.

नमस्कार.